गुडघा सांभाळा, पोरांनो!

मुळशीच्या वेशीवर, म्हाळुंगे-बालेवाडीच्या मैदानात एफसी पुणे सिटी या फुटबॉल संघाचा आशिक कुरुनियन विंगवरून वाऱ्यासारखा सुटायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये थायलंडमधल्या किंग्ज कपमध्ये भारताकडून खेळताना त्याच्या गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट फाटला, आशियाई कप हुकला.

१९६२ साली इंग्लंडचा फुटबॉलपटू ब्रायन क्लफ याचा गुडघा असाच गेला आणि ऐन भरातली कारकीर्द जवळपास तिथेच संपली. आता मांडीमागची किंवा वाटीखालची कंडरा वापरून नवा लिगामेंट बसवतात. आशिक परतलासुद्धा! पण किमान नऊ महिने धीर हवा.

मुळशीतल्या पोरांनो, वॉर्मअप टाळू नका. उडीनंतर उतरताना गुडघा आत वळू देऊ नका. सुजला, तर तेल चोळत बसू नका. थेट हाडांचे डॉक्टर गाठा.