तीन मॉनिटर लावले की ट्रेडिंग जमते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोंदिया हा धान-तांदळाच्या व्यापाराचा जिल्हा. भावावर नजर ठेवणे इथे नवे नाही. पण शेअर बाजारासाठी लॅपटॉपला दोन-तीन मॉनिटर जोडायचे ठरवले असेल, तर खर्च करण्याआधी काही समजुती तपासून घ्या.

गैरसमज : पडदे जास्त, तर नफा जास्त.
वस्तुस्थिती : बाजार नियामक सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधील अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. दुसऱ्या मॉनिटरमुळे चार्ट आणि ऑर्डर एकाच वेळी दिसतात. ही सोय आहे, निर्णयाची हमी नाही.

गैरसमज : टाइप-सी पोर्ट असला की कितीही मॉनिटर चालतात.
वस्तुस्थिती : काही टाइप-सी पोर्टमधून फक्त चार्जिंग आणि डेटा जातो, चित्र जात नाही. एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक एअर अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात. साधा एचडीएमआय स्प्लिटर दोन्हीकडे तेच चित्र दाखवतो. आपल्या मॉडेलची माहिती वाचूनच मॉनिटर जोडणारा डॉक घ्या.

गैरसमज : गेमिंग लॅपटॉपच लागतो.
वस्तुस्थिती : चार्ट काढायला प्रोसेसरमधले ग्राफिक्स बहुधा पुरते. अनेक टॅब उघडे असले की आधी कमी पडते ती रॅम; १६ जीबी असलेली बरी.

गैरसमज : मुंबई दूर, म्हणून आपली ऑर्डर मागे पडते.
वस्तुस्थिती : गोंदिया ते मुंबई हे अंतर फायबरमधला प्रकाश काही मिलिसेकंदांत कापतो, बटण दाबायला माणसाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. खऱ्या वेगाची शर्यत एक्स्चेंजच्या आवारात सर्व्हर ठेवणाऱ्या कंपन्यांची आहे. त्या शर्यतीत घरून कोणीच उतरू शकत नाही, मुंबईकरही नाही.

गैरसमज : लॅपटॉपला बॅटरी आहे, वीज गेली तरी चालेल.
वस्तुस्थिती : लॅपटॉप चालेल, पण मॉनिटर आणि राउटर बंद पडतील. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की हे कधीही घडू शकते. राउटरला यूपीएस, मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम आणि ब्रोकरचा फोन नंबर हाताशी ठेवा. एक्स्चेंजवर आधीच लावलेला स्टॉप लॉस (तोटा मर्यादित ठेवणारी ऑर्डर) तुमचा पडदा बंद झाला तरी त्या दिवसापुरता टिकतो; म्हणून सौदा केल्याबरोबर तो लावा.

गैरसमज : पडदे लावले की धानाचे वायदेही करता येतील.
वस्तुस्थिती : डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने बिगर-बासमती धानासह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती मुदत पुढे वारंवार वाढवली. हा दरवाजा मॉनिटर वाढवून उघडत नाही.

सुरुवात एक मॉनिटर, एक यूपीएस आणि पर्यायी इंटरनेट एवढ्यावर करा. बियाण्याचे, शिक्षणाचे किंवा कर्जाचे पैसे ट्रेडिंगमध्ये अजिबात घालू नका.