सव्वा ग्रॅमची ये-जा

मोबाइलच्या खोक्यावर बॅटरीची क्षमता छापलेली असते: ५,००० मिलिअँपिअर-अवर. दुकानदार हा आकडा तोंडपाठ सांगतो आणि आपणही मान डोलावतो. हे पाच हजार नेमके कशाचे, हे कुणी विचारत नाही. खरे तर दहावी-बारावीच्या विज्ञानावर हा हिशेब मांडता येतो. हा विद्युतभार १८,००० कूलोम भरतो. त्याला एका इलेक्ट्रॉनच्या भाराने भागले की ११२ लिहून पुढे २१ शून्ये एवढे इलेक्ट्रॉन येतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली संख्यांची नावे परार्धापाशी संपतात, आणि परार्ध म्हणजे एकावर १७ शून्ये. मोबाइल एकदा रिकाम्याचा पूर्ण भरायला अशा ११ लाख परार्धांहून जास्त इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जावे लागतात. सेकंदाला एक कोटी या वेगाने ते मोजायचे म्हटले तर ३५ कोटी वर्षे लागतील. डायनासोर पृथ्वीवर अवतरले त्याला अजून तेवढीही वर्षे झालेली नाहीत, जेमतेम २३ कोटी झाली आहेत.

बाहेरच्या तारेतून एक इलेक्ट्रॉन गेला की बॅटरीच्या आतून लिथियमचा एक आयन त्याच दिशेला सरकतो. म्हणजे आतही तेवढेच, ११ लाख परार्ध लिथियम आयन प्रवास करतात. एवढ्या अफाट लोंढ्याचे वजन किती? १.३ ग्रॅम. रात्री फोन चार्जिंगला लावला की सव्वा ग्रॅमहून किंचित जास्त लिथियम एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाते आणि दिवसभरात परत येते. बॅटरीचे एकूण वजन मात्र ७० ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे प्रवासी दोन टक्के, आणि उरलेले ९८ टक्के ग्रॅफाइट, कोबाल्ट, तांब्या-अॅल्युमिनियमचे वर्ख, द्रव, पडदा आणि वेष्टण. हे सगळे त्या दोन टक्क्यांच्या सोयीसाठी.

एवढा खटाटोप करून साठते किती? सुमारे १९ वॉट-अवर. कॅलरीत बदलले तर साडेसोळा किलोकॅलरी, म्हणजे तीन ग्रॅम शेंगदाणे. मोजून पाच-सहा दाणे! दिवसभर व्हिडिओ, नकाशे, फोटो आणि शंभर ग्रुपांवरचे सुप्रभात चालते ते एवढ्याशा ऊर्जेवर. मात्र या पाच-सहा दाण्यांना कमी लेखू नये. एवढी ऊर्जा वाया न घालवता वापरता आली तर ७० किलोचा माणूस शंभर मीटर उंच उचलता येतो. आणि रोज रिकामा फोन पूर्ण भरला तरी वर्षभरात त्यात जेमतेम सात युनिट वीज जाते.

किलोभर शेंगदाण्यांत साडेसहा हजार वॉट-अवर, किलोभर पेट्रोलमध्ये बारा हजार, आणि आजच्या चांगल्या लिथियम सेलमध्ये अडीचशे ते तीनशे. ही तुलना बॅटरीवाल्यांच्या नाकाला झोंबते आणि ती थोडी अन्यायाचीही आहे. किलोभर पेट्रोल जळताना हवेतला साडेतीन किलो ऑक्सिजन खाते. तो वजनात कुणी धरत नाही, कारण तो वाटेत फुकट मिळतो. राहिलेला धूर मागे सोडून गाडी पुढे जाते. बॅटरीला मात्र देणारा आणि घेणारा असे दोन्ही पक्ष पोटात घेऊन फिरावे लागते आणि धूर म्हणून काही टाकताही येत नाही. टाकले तर परत काय आणणार? त्यात इंजिन पेट्रोलमधली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून उधळते आणि मोटर फार थोडी. त्यामुळे कागदावर चाळीस-पन्नास पट दिसणारे अंतर रस्त्यावर बरेच कमी होते. तरीही ते उरतेच.

माझ्या मते बॅटरीची खरी करामत साठवणुकीत नाही, परतीत आहे. पहिली साठ वर्षे तर परतीचा प्रश्नच नव्हता.

अलेस्सांद्रो व्होल्टाने २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून आपल्या विद्युतस्तंभाची बातमी दिली. चांदी आणि जस्त यांच्या चकत्या एकावर एक, मध्ये खाऱ्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा किंवा कातडे. एका जोडीतून एक व्होल्टसुद्धा मिळत नसे. जास्त हवे तर जोड्या वाढवायच्या. पण चळत उंच झाली की वरच्या वजनाने खालच्या थरांतले पाणी पिळून निघे. मग लोकांनी चकत्या आडव्या मांडल्या आणि संख्येची चढाओढ लागली. सेंट पीटर्सबर्गमध्ये वासिली पेत्रोव्हने १८०२ मध्ये तांब्या-जस्ताच्या ४,२०० चकत्यांची बॅटरी उभारली. लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये आधी लहान बॅटऱ्यांनी पोटॅशियम आणि सोडियम मोकळे केले. पुढे रॉयल इन्स्टिट्यूशनसाठी वर्गणी काढून २,००० जोड्यांची बॅटरी तयार झाली. तिच्या पत्र्यांचे एकूण क्षेत्रफळ १,२८,००० चौरस इंच, म्हणजे सुमारे ८३ चौरस मीटर होते. तिच्या तारांना कोळशाचे तुकडे लावून किंचित दूर केले की मध्ये चार इंच लांबीची झगझगीत प्रकाशाची कमान उभी राही.

पण हे सगळे एकेरी होते. आम्ल जस्त खात असे आणि खाल्लेले जस्त जाई ते जाईच. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स जूलने हिशेब मांडून दाखवले की जस्त संपवून मोटर चालवणे कोळसा जाळून वाफेचे इंजिन चालवण्यापुढे टिकणार नाही. जुन्या टॉर्चमध्ये विसरलेल्या सेलातून जो चिकट राप बाहेर येतो, तो याच घराण्याचा. तिथे सेलचे बाहेरचे भांडेच जस्ताचे असते आणि वीज देता देता तेच झिजून भोक पडते.

याच एकेरी बॅटऱ्यांपैकी एक अजून जिवंत आहे. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत १८४० पासून एक विजेवर चालणारी घंटा वाजते आहे. दोन कोरडे विद्युतस्तंभ, त्यांच्याखाली दोन छोट्या घंटा आणि मध्ये चार मिलिमीटर व्यासाचा लोलक. तो सेकंदाला दोनदा या वेगाने हेलकावतो आणि आजवर एक हजार कोटींहून जास्त टोले पडले आहेत. दमट हवेमुळे मध्येच कधी थोडा खंड पडला तेवढाच. स्तंभांवर गंधकाचा लेप आहे. आत नेमके काय भरले आहे हे पाहायचे तर तो फोडावा लागेल आणि फोडला की प्रयोग संपला, म्हणून कुणी हात लावत नाही. घंटेला लागणारा प्रवाह साधारण एक नॅनोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा शंभर कोटीवा भाग. या प्रवाहाने १८५ वर्षांत वाहिलेला विद्युतभार मोजला तर सहा कूलोमसुद्धा भरत नाही. चार अँपिअरच्या चार्जरमधून तेवढा भार दीड सेकंदात तुमच्या फोनमध्ये जातो. त्या स्तंभांचा दाब सुमारे दोन हजार व्होल्ट आहे. तो धरला तर फोनमधल्या पाच-सहा दाण्यांएवढ्या ऊर्जेवर ही घंटा हजार वर्षे वाजेल.

परतीचे तिकीट पहिल्यांदा काढले ते गास्तों प्लाँतेने, १८५९ मध्ये. शिशाचे दोन पत्रे, मध्ये पट्ट्या, गुंडाळी करून गंधकाम्लात बुडवलेले. उलटा प्रवाह सोडला की झालेली रासायनिक क्रिया मागे फिरते. आज इन्व्हर्टरखाली ठेवलेली आणि अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर मागणारी बॅटरी तिचीच वंशज. तिची अडचण मूलद्रव्यातच आहे. शिशाचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, पण त्याचे वजन २०७. लिथियमचा अणू एकच देतो, पण त्याचे वजन सातच्या आत. एका इलेक्ट्रॉनमागे शिसे पंधरापट ओझे वाहते. म्हणून शिशाची बॅटरी किलोमागे तीस-चाळीस वॉट-अवरच्या पुढे फारशी सरकली नाही.

एवढ्यावरही माणसाने बाजी मारली होती. २९ एप्रिल १८९९ रोजी कामीय जेनात्झीची ‘ला जामे काँतांत’ ही शिशाच्या बॅटरीवरची गाडी पॅरिसजवळ ताशी १०५.८८ किलोमीटरने धावली. रस्त्यावरच्या गाडीने ताशी शंभरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो विजेवर. १९०० मध्ये अमेरिकेत बनलेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,५७५ विजेवरच्या होत्या, पेट्रोलच्या हजारही नव्हत्या. पुढे पारडे फिरले. त्यात एक हात चार्ल्स केटरिंगच्या सेल्फ-स्टार्टरचा होता. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो आला आणि हँडल मारायची कटकट गेली. आणि तो स्टार्टर फिरत होता कशावर? शिशाच्या बॅटरीवर. घरचा भेदी, दुसरे काय!

लिथियमचे गुण कागदावर ठाऊक होते, पण हे धातूंमधले सगळ्यात हलके आणि तितकेच माथेफिरू प्रकरण. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात ते थरांच्या पदार्थात घुसवून बाहेर काढून दाखवले. १९८० मध्ये ऑक्सफर्डमध्ये, म्हणजे त्या न थांबणाऱ्या घंटेच्याच गावात, जॉन गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणले. त्यातून गुडइनफना स्वामित्वधनाचा पैसाही मिळाला नाही. नोबेल मिळाले, पण २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी. एवढ्या वयात ते मिळवणारा दुसरा कुणी नाही. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी दुसऱ्या टोकाला कार्बन बसवला आणि १९९१ मध्ये सोनीने सेल बाजारात आणला.

या कार्बनच्या टोकाला ग्रॅफाइट बसवण्याच्या वाटेतला अडथळा तर हसू येईल इतका बारीक होता. प्रॉपिलीन कार्बोनेट हा द्रव वापरला की ग्रॅफाइटचे पापुद्रे सुटत. इथिलीन कार्बोनेट वापरले की ते टिकून राहत. दोन रेणूंतला फरक म्हणजे एक कार्बन आणि दोन हायड्रोजन, बस्स. दुसऱ्या द्रवातून पहिल्याच चार्जिंगला ग्रॅफाइटवर काही नॅनोमीटर जाडीचे कवच बसते आणि पुढची सगळी ये-जा त्याच्या आडोशाने होते. त्या कवचाखाली दर चार्जिंगला ग्रॅफाइटच्या थरांतले अंतर ०.३३५ नॅनोमीटरवरून ०.३७० वर जाते, म्हणजे ग्रॅफाइट दहा टक्के फुगते आणि पुन्हा ओसरते.

आता परतीचा हिशेब. समजा, दर फेरीत शंभरातले ९९ आयन परत आले. इतर कुठेही हा निकाल पेढे वाटण्याजोगा. बॅटरीत मात्र शंभर फेऱ्यांनंतर ३७ टक्केच क्षमता उरेल, म्हणजे चार महिन्यांत फोन भंगारात. ९९.९ टक्के परत आले तर हजार फेऱ्यांनंतर तेच ३७ उरतील. हजार फेऱ्यांनंतर ८० टक्के उरायला हवे असतील तर दर फेरीत ९९.९७८ टक्के परत यायला हवेत, म्हणजे साडेचार हजारांत एकच वाट चुकला पाहिजे. सगळा दोष हरवलेल्या आयनांवर टाकला तरी दर चार्जिंगला गहाळ होणारे लिथियम पाव मिलिग्रॅमहून किंचितच जास्त भरते. संख्येत मात्र ते अडीचशे परार्ध!

म्हणूनच बॅटरीची प्रगती चिपच्या शेजारी ठेवली की गरीब दिसते. १९८९ च्या इंटेल ४८६ चिपवर १२ लाख ट्रान्झिस्टर होते आणि आज फोनमधल्या वरच्या दर्जाच्या चिपवर दीड हजार कोटींच्या पुढे असतात, म्हणजे बारा हजार पटींहून जास्त. सोनीच्या पहिल्या सेलमध्ये किलोमागे ८० वॉट-अवर होते. ते तीस वर्षांत तिपटी-चौपटीपर्यंत पोहोचले. ट्रान्झिस्टर लहान करत जाता येतो, लिथियमचा अणू कसा लहान करणार? आवर्तसारणीत त्याच्या आधी हायड्रोजन आणि हेलियम दोघेच आहेत आणि दोघेही वायू.

खरी उडी किमतीत आहे. १९९१ पासून लिथियम सेलची किंमत सुमारे ९७ टक्क्यांनी उतरली. गाड्यांच्या बॅटरीपॅकचा भाव २०१० मध्ये युनिटमागे हजार डॉलरच्या वर होता, तो २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलरवर आला. त्या एका वर्षात जगाची बॅटरीची मागणी साधारण एक टेरावॉट-अवरवर पोहोचली. म्हणजे १०० कोटी युनिट साठवू शकतील एवढ्या बॅटऱ्या. फोनच्या प्रमाणात धरले तर त्यांत ये-जा करणारे लिथियम सुमारे ६७ हजार टन. पण जग वर्षाला साधारण ३० लाख कोटी युनिट वीज वापरते. वर्षभरातल्या त्या सगळ्या बॅटऱ्या काठोकाठ भरून जगाच्या तारांना जोडल्या तर अठरा मिनिटांत संपतील.

म्हणून आपल्या सह्याद्रीतल्या घाटघरकडे जरा आदराने पाहिले पाहिजे. मागणी कमी असताना पाणी पंपाने वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, अशी २५० मेगावॉटची सोय तिथे आहे. पाणी उचलण्याच्या हिशेबात ऊर्जा फार महाग पडते. एक टन पाणी ३६७ मीटर खाली आले तर त्यातून फार तर एक युनिट निघते. घाटघरला उंची याहून थोडी जास्त आणि त्यात घट धरली तरी टनाला साधारण युनिट हाच भाव पडतो. पूर्ण क्षमतेने तासभर वीज द्यायला अडीच लाख टन पाणी लागते. तेवढीच वीज हजार टन लिथियम सेल देतील आणि साठवलेल्या शंभर युनिटांतली जास्त युनिटे परतही करतील. पण हजार फेऱ्यांनंतर पाण्याचे ८० टक्के होत नाही, आणि जगाच्या विद्युतजाळ्यांसाठी साठवलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा आजही अशाच पाण्यात आहे.