हुंकार आणि गोष्ट

नाशिक या गावाचे नावच एका गोष्टीतून आले आहे, असे लोकपरंपरा मानते. लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका जेथे छेदली ते नाशिक, पाच वडांची ती पंचवटी, तिच्या शेजारची सीतागुंफा आणि पलीकडचे तपोवन ही नावे रोजच्या व्यवहारात घेताना येथील माणूस नकळत एका कथेचे तुकडेच उच्चारत असतो. शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरात असलेली लेणी वस्तुतः बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत, आणि सातवाहन व क्षत्रप राजवटींतील दानांचे तपशील तेथील शिलालेखांत नोंदलेले आहेत. परंतु ब्राह्मी लिपी वाचता येईनाशी झाल्यावर, कातळात एवढ्या खोल्या कोणी आणि कशासाठी कोरल्या असतील या प्रश्नाला लोकांनी वनवासातल्या पांडवांचे उत्तर शोधले आणि लेणी ‘पांडवलेणी’ झाली. ज्याचा उलगडा होत नाही त्याच्याभोवती माणसे, प्रसंग आणि कारणे उभी करण्याच्या या क्रियेला कथारचना म्हणता येईल. तयार गोष्ट रंगवून सांगणे म्हणजे कथाकथन, ते वेगळे. मुलांना कथाकथन भरपूर ऐकवले जाते, ते उत्तमच आहे. कथारचनेची वेळ आली की मात्र त्यांच्या हाती कागद देऊन ‘एक छानशी गोष्ट लिही’ असे फर्मावले जाते, आणि जे मूल तासाभरापूर्वी अंगणात अख्खे घरदार रचून बसले होते तेच मूल पेन्सिल चावत गप्प राहते.

हे अंगणातले घरदार म्हणजे भातुकली. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नाशकात चिमुकल्या चुली, पातेली, पळ्या यांचे अप्रूप अजून संपलेले नाही, परंतु भातुकलीचा खरा ऐवज भांड्यांत नसतो. चुरमुऱ्यांचा भात होतो, पानाची पोळी होते, धाकट्या भावाला बळेच पाहुणा केले जाते, तो ऐनवेळी रुसतो, मग त्या रुसण्यालाही खेळात जागा करून दिली जाते. पात्र, स्थळ, अडचण आणि त्या अडचणीतून वाट, ही कथेची चारही अंगे येथे कोणी न शिकवता हजर असतात. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३३ साली लेनिनग्राड येथे दिलेल्या व्याख्यानात या गोष्टीचे मर्म सांगितले आहे. काठीला घोडा मानून दौडणारे मूल शब्दाचा अर्थ वस्तूपासून प्रथमच सोडवून घेते, म्हणजे ‘घोडा’ हा अर्थ समोरच्या काठीवर चढवते, आणि एकदा चढवला की त्या घोड्याचे नियम निष्ठेने पाळते. स्वातंत्र्य आणि नियम यांची ही सांगड, तीच पुढे लेखकाच्या कामी येते.

नाशिकच्या भूमीवरच या रूपांतराचे एक विलक्षण चित्रण झालेले आहे. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीसाठी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ हा मूकपट केला आणि बाळकृष्णाची भूमिका स्वतःच्या सुमारे सात वर्षांच्या मुलीला, मंदाकिनीला दिली. चित्रपटाच्या आरंभी ती कृष्ण नसतेच. पडद्यावर एका लहान मुलीचा चेहरा येतो, त्यावर एकामागून एक भाव उमटतात, आणि मग प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत तीच मुलगी कृष्ण होते. फाळक्यांनी सोंग लपवले नाही, उलट सोंग घेण्याची क्रियाच आधी दाखवली. मूल खेळताना स्वतःही असते आणि दुसरे कोणीही असते, हे त्या काही क्षणांत जितके स्वच्छ दिसते तितके ते पाठ्यपुस्तकांतून क्वचितच दिसेल.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, हे सर्वश्रुत आहे. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी सुरू झालेले लेखन १३ फेब्रुवारीच्या पहाटे संपले. त्या पुस्तकाच्या रचनेकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. ते प्रकरणांत नव्हे तर बेचाळीस रात्रींत विभागलेले आहे, श्याम रोज रात्री सोबत्यांना आठवणी सांगतो, आणि ऐकणाऱ्यांच्या असण्यानेच त्या आठवणींना आकार येतो. लोककथेच्या बैठकीत ऐकणाऱ्याने मध्येमध्ये ‘हं’ म्हणायचे असते, त्याला हुंकार म्हणतात. तो थांबला की सांगणारा समजतो, समोरचा पेंगला किंवा गोष्ट घसरली. मुलाला गोष्ट रचायला शिकवणाऱ्या मोठ्या माणसाचे पहिले काम हुंकार देण्याचे आहे. दुरुस्ती नंतर, पुष्कळ नंतर.

शाळेत नेमके उलटे घडते. ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ या जुन्या प्रश्नात मुद्दे दुसऱ्याचे, शेवट ठरलेला आणि खाली तात्पर्य सक्तीचे. यातून मुले वाक्यांची जुळणी शिकत असतील, पण कथेचा जो गाभा, म्हणजे ‘आता पुढे काय होईल’ हे स्वतःलाही ठाऊक नसण्याचा आनंद, तो मुद्द्यांच्या यादीनेच हिरावून घेतलेला असतो. ज्याला तात्पर्य आधी माहीत आहे त्याने गोष्ट कशाला सांगावी? गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी, आणि त्यांच्यासोबत भावनगरला काम करून पुढे महाराष्ट्रात बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक यांनी, गोष्ट आणि खेळ यांना शिकवण्याच्या केंद्रस्थानी आणले त्याला आता शतक होत आले. ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०’ पायाभूत वयात खेळाधारित शिक्षणाचा पुरस्कार करते ते याच वाटेने. मोठ्यांची तात्पर्याची सवय मात्र धोरणाने जाणारी नाही.

खेळातून कथारचना नेमकी कशी घडते याचा सर्वांत नेटका विचार इटालियन बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांनी केला. १९७० सालचे हान्स क्रिश्चन अँडरसन पारितोषिक मिळवलेल्या या लेखकाचे ‘कल्पनेचे व्याकरण’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक १९७३ साली आले. त्यात त्यांनी मांडलेली ‘कल्पक जोडी’ अशी, की एकमेकांशी काही नाते नसलेले दोन शब्द शेजारी ठेवावेत आणि त्यांच्यातले अंतर ओलांडण्यासाठी कल्पनेला कामाला लावावे. त्यांचे उदाहरण कुत्रा आणि कपाट यांचे आहे. इटालियनमध्ये ही जोडी शब्दयोगी शब्दांनी सांधली जाते. मराठीत तर विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये मिळून हा खेळ अधिकच खुलतो. एका मुलाने चिठ्ठीवर ‘द्राक्ष’ लिहावे, दुसऱ्याने त्याला न दाखवता ‘कुलूप’, आणि मग दोन्ही चिठ्ठ्या उघडून फक्त प्रत्यय बदलत जावे: द्राक्षाचे कुलूप, द्राक्षातले कुलूप, द्राक्षासाठी कुलूप, कुलपाला लागलेले द्राक्ष. ‘द्राक्षासाठी कुलूप’ म्हटले की निफाड-दिंडोरीच्या मळ्यातली राखण आठवते आणि गोष्ट ओळखीच्या रस्त्याला लागते. ‘द्राक्षातले कुलूप’ म्हटले की वर्ग क्षणभर गप्प होतो, कारण आता किल्ली किती लहान असेल आणि ती कोणाजवळ असेल, मुंगीजवळ की बीजवळ, हे ठरवावे लागते. व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणी वाटणारी विभक्ती येथे गोष्टीचे दार उघडते.

माहीत असलेली गोष्ट उलटवणे, ही रोदारींनी सांगितलेली दुसरी युक्ती. कावळ्याचे शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे घर प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे, पाऊस येतो आणि कावळ्याचे घर वाहून जाते हेही ठाऊक आहे. आता पावसाऐवजी नाशिकचा वैशाख आणावा. मेण वितळते, आणि या वेळी दार ठोठावायची पाळी चिमणीवर येते. कावळा काय करील? मागचे सारे हिशेब त्याला आठवत असणार. मुले येथे हिरिरीने भांडतात, आणि त्या भांडणात चिमणीने बाळाच्या निमित्ताने दार उघडायला लावलेल्या उशिराचा न्याय पहिल्यांदाच तपासला जातो.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात या साऱ्याला समांतर अशी एक मोठी परंपरा जिवंत आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांत होळीनंतरच्या दिवसांत होणाऱ्या बोहाड्यात गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण अशी मुखवट्यांची सोंगे रात्रभर वाद्यांच्या तालावर नाचत येतात. कोकणा समाजाच्या थाळगानात काशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी चिकटवतात, कथा गाणारा ती काडी बोटांनी ओढत राहतो, थाळीतून घुमणारा अखंड स्वर निघतो आणि त्या स्वरावर कणसरीसारख्या धान्यदेवतेची दीर्घ कथा पुढे सरकते. या परंपरांत वाढणाऱ्या मुलाला पात्र म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. मुखवटा चढला की चाल बदलते, आवाज बदलतो, हे त्याने जागून पाहिलेले असते. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली अद्भुतकथांतून एकतीस ‘कार्ये’, म्हणजे मनाई, मनाईचा भंग, प्रयाण, मदतनिसाची भेट यांसारखे ठरावीक क्रमाने येणारे घटनाप्रकार, वेगळे काढले, आणि रोदारींनी त्यांचे पत्ते करून मुलांच्या हाती दिले. पुठ्ठ्याचे असे आठ-दहा पत्ते आणि तीन-चार कागदी मुखवटे एवढ्या सामग्रीवर जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत दुपार सत्कारणी लागू शकते.

पण रचलेली गोष्ट टिकवायची कशी, विशेषतः ज्या वयात लिहिता येत नाही त्या वयात? शिकागोच्या बालवर्गशिक्षिका व्हिव्हियन गसिन पॅली (१९२९–२०१९) यांनी याचे उत्तर आपल्या वर्गात वर्षानुवर्षे आचरून दाखवले. मूल सांगते, शिक्षिका शब्दशः लिहून घेते, आणि वर्गात ती गोष्ट वाचली जात असताना बाकीची मुले लगेच ती वठवतात. सांगणारे मूलच आपले पात्र निवडते. लिहून घेणारीचा हात मुलाच्या बोलण्यामागे पडतो, तेव्हा मूल थांबते, कागदाकडे पाहते आणि वाक्य पुन्हा सांगते, पुष्कळदा थोडे बदलून. पुनर्लेखनाची ही पहिली शिकवणी त्याला कोणी दिलेली नसते.

नाशिक जिल्ह्यात या ‘शब्दशः’ला विशेष वजन आहे, कारण मालेगाव, बागलाण, कळवण या भागांत अनेक घरांतली बोली अहिराणी आहे आणि सुरगाण्याकडे कोकणा. अहिराणीत प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो. तेव्हा मुलाने सांगितलेला कावळा ‘कावया’ असेल तर तो कागदावरही ‘कावया’ म्हणूनच उतरावा, त्याचा रंग ‘काया’च राहावा, आणि गोष्ट वठवायची वेळ आली की वाचणाऱ्या बाईंनी तोच उच्चार मोठ्याने करावा, म्हणजे वर्गात कावळा होऊन उभे असलेले ते मूल आपले नाव ऐकून पंख पसरील.