एका आडनांवाची फळी

ग्रंथालयाचा सूचिकार हा मोठा समदर्शी मनुष्य असतो. ग्रंथकाराचें कुळ कोणतें, मत कोणतें, त्याच्या हातचें पाणी चालतें कीं नाहीं, यांपैकीं कशाचीही चौकशी तो करीत नाहीं. आडनांवाचें पहिलें अक्षर पाहतो आणि पुस्तक जागेवर बसवितो. आमच्या नाशकास ही समदृष्टि नवी नाहीं. येथील सार्वजनिक वाचनालय इ. स. १८४० पासूनचें. अशा कोणत्याही जुन्या मराठी संग्रहाची ग्रंथकारसूची उघडून ‘ट’ अक्षराखालीं बोट फिरवावें, म्हणजे ‘टिळक’ या एका आडनांवाखालीं ज्योतिष, वेदांत, फुलांवरच्या कविता, ओंवीबद्ध पुराण आणि एका बाईची आत्मकथा असा संसार एकत्र नांदतांना दिसतो. या फळीविषयीं आज लिहावेंसें वाटलें, त्याचें कारण मात्र घरांत घडलें.

गेल्या दसऱ्यास आमच्याकडे सरस्वतीपूजनाचा पाट मांडला होता. पाटीवर सरस्वती काढली, मुलांचीं पुस्तकें रचलीं, आणि प्रतिवर्षीं प्रमाणें आजोबांच्या वेळचें ‘गीतारहस्य’ मधोमध ठेवलें. धाकट्या सूनबाईंनीं त्याच्या शेजारीं ‘स्मृतिचित्रें’ आणून ठेवलें. थोरल्या काकूंच्या तें लागलेंच ध्यानांत आलें.

“अगं, हें पाटावर कशाला?”

“दोघेही टिळकच ना हो, काकू!”

“आडनांव एक असलें म्हणून पंगत एक होते का?” काकू म्हणाल्या.

प्रश्न टाकून देण्याजोगा नव्हता. शंभर वर्षांपूर्वीं महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांनीं तो विचारला होता, आणि त्याचें उत्तर कांहीं माणसांना फार महाग पडलें होतें.

पाटावरचा मान ज्यांचा त्यांच्यापासून आरंभ करूं. लोकमान्यांचें राजकारण सर्वांस ठाऊक आहे. त्यांची विद्या आदरानें कपाटांत ठेवून दिली जाते. त्यांचे वडील गंगाधरपंत हे शिक्षक. गणित व संस्कृत हें त्या घरचें वळण. ‘ओरायन’ हा लोकमान्यांचा ग्रंथ १८९३ सालचा. वसंतसंपात मृगशीर्षांत असतांनाच्या आठवणी वेदांत सांपडतात, आणि संपात मागें सरकण्याची गति ठाऊक असल्यामुळें त्यांवरून काल काढतां येतो, अशी त्यांतली विचारसरणी. १८९७ सालीं त्यांस राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हां त्यांच्या सुटकेसाठीं रदबदली करणारांत मॅक्समुल्लरसारखा वेदज्ञ होता. पुढें १९०३ सालीं ‘आर्क्टिक होम इन दि वेदाज’ निघालें. त्यांतील उत्तरध्रुवाचा सिद्धांत आजचे संशोधक मान्य करीत नाहींत, आणि तें लपविण्याचें कारणही नाहीं. चुकीच्या निष्कर्षाकडे नेणारी वाट इतक्या कसोशीनें आंखलेली फार थोड्या ग्रंथांत दिसते. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिवाळ्यांत पेन्सिलीनें वह्यांत लिहिलें गेलें. १९१४ सालीं सुटका झाल्यावर वह्या परत मिळाल्या आणि १९१५ सालीं ग्रंथ छापून निघाला.

परंतु याच लोकमान्यांस पंगतीच्या प्रश्नानें सोडलें नव्हतें, हें काकूंना सांगावेंसें आम्हांस वाटलें. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें गोपाळराव जोशी यांनीं सभ्य गृहस्थांस चहास बोलाविलें आणि मागाहून पाहुण्यांचीं नांवें छापविलीं. त्या यादींत न्यायमूर्ति रानडे होते आणि टिळकही होते. एका पेल्यावरून पुण्यांत ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि टिळकांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. तें घेऊन ते समाजांत राहिले. पांच वर्षांनंतर दुसऱ्या एका टिळकांनीं जें पाऊल उचललें, त्यास प्रायश्चित्ताची सोय नव्हती.

हे दुसरे नारायण वामन टिळक. लोकमान्यांचें मूळ गांव चिखलगांव आणि नारायणरावांचें करजगांव, दोन्हीं दापोलीच्या टापूंतलीं. नात्याचे धागे उकलण्याचा आमचा उद्देश नाहीं. कोंकणांतून घाट चढून आलेल्या आडनांवांचीं झाडें अशीं सर्वत्र पसरलेलीं आहेत. मातृछत्र हरपल्यावर घर सोडलेला हा मुलगा नाशकास आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत शिकला. लग्न झालें तें नाशकाजवळच्याच जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशीं. तीच लक्ष्मीबाई. गृहस्थ एका ठिकाणीं स्थिर राहणारा नव्हता. आज नोकरी, उद्यां कीर्तन, परवां नागपुरास नियतकालिकाचें काम. १८९३ सालीं राजनांदगांवाकडे जातांना आगगाडींत एका युरोपियन प्रवाशानें त्यांच्या हातीं बायबल दिलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलला, आडनांव बदललें नाहीं, भाषाही बदलली नाहीं. येशूविषयीं लिहावयाचें तर तें अभंगांत आणि ओंवींत, असा त्यांचा आग्रह होता. ‘वनवासी फूल’ लिहिणारा, फुलांमुलांचा कवि म्हणून महाराष्ट्रानें ओळखला तो हाच. १९१७ च्या मे महिन्यांत लोकमान्य होमरूल लीगच्या उत्सवासाठीं नाशकास येऊन स्वराज्याविषयीं बोलून गेले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत नारायणरावांनीं मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला व ‘देवाचा दरबार’ उभारण्याची खटपट आरंभिली. १९१९ च्या मे महिन्यांत ते वारले. लोकमान्य १९२० च्या ऑगस्टांत. दोघांच्या पुस्तकांची जागा सूचीत मात्र एकापुढें एक.

आतां ज्या पुस्तकावरून वाद झाला, त्याच्याकडे वळूं. नवऱ्यानें धर्मांतर केलें तेव्हां लक्ष्मीबाईंचें वय सव्वीस-सत्तावीस. पदरीं लहान मुलगा. कुंकू कायम आणि संसार मोडलेला, अशा स्थितींत त्यांनीं कांहीं वर्षें माहेरच्या माणसांच्या आधारानें काढलीं. पुढें नगरास नवऱ्याकडे परतल्या त्या आपलें सोवळें व निराळी चूल घेऊन. कोणी त्यांच्या हातून भांडें हिसकावून घेतलें नाहीं. स्वतःशींच वाद घालीत एकेक बंधन त्यांनीं आपण होऊन सोडलें, आणि १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. हा सारा प्रवास त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’त सांगितला आहे. आरंभीं वडिलांच्या सोवळ्याचें असें वर्णन आहे कीं वाचतांना हंसूं येतें, आणि त्या घरांतील बायकांचे हाल आठवून लगेच तें ओसरतें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या या बाईनें आपल्या फजितीचे प्रसंग दुसऱ्याच्या फजितीपेक्षां अधिक आनंदानें लिहिले आहेत. नवऱ्याचा तापटपणा, उधळेपणा, आणि त्याजवरची आपली माया तिन्हीं एकाच स्वरांत. आमच्या मतें मराठींत यापेक्षां विद्वान् आत्मचरित्रें आहेत. यापेक्षां खरें वाटणारें आम्हीं वाचलेलें नाहीं.

‘ख्रिस्तायन’ हें ओंवीबद्ध काव्य नारायणरावांनीं आरंभिलें, पण दहा-अकरा अध्यायांपलीकडे गेलें नाहीं. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनीं लिहिले. आपल्याकडे बाण भट्टाची ‘कादंबरी’ मुलानें पुरी केल्याची कथा विद्यार्थ्यांस सांगतात. पत्नीनें पुरें केलेलें हें महाकाव्य मात्र पुष्कळांच्या कानींही पडलेलें नसतें. तें १९३८ सालीं छापून निघालें तेव्हां बाई हयात नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्या.

मुलगा देवदत्त, म्हणजे ‘स्मृतिचित्रें’तला दत्तू, हाही ग्रंथकार झाला, त्यानें लिहिलेलें पंडिता रमाबाईंचें चरित्र १९६० सालीं नाशकांतच प्रसिद्ध झालें. नातू अशोक देवदत्त टिळक यांनीं आजीच्या पुस्तकाची साक्षेपी आवृत्ति सिद्ध केली. तीन पिढ्या एकाच लेखणीला चिकटून राहिल्याचीं उदाहरणें आपल्याकडे विरळाच. १९८२ सालीं विजया मेहता यांनीं या आत्मकथेवर चित्रपट काढला.

फळी एवढ्यावर संपत नाहीं. ‘हृदयशारदा’कार कमलाबाई टिळक या कथालेखिका तीवर आहेत. आणि विज्ञानाच्या कपाटाकडे गेल्यास औरंगाबादेच्या विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ श्री. त्रिं. टिळक भेटतात, हवेंतील परागकण व बुरशीचे बीजाणु आठ दिवसपर्यंत अखंड टिपणारें त्यांचें यंत्र ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नांवानें शास्त्रज्ञांस परिचित आहे. कोणी मृगनक्षत्र पाहिलें, कोणी बुरशी पाहिली!

एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. या फळीवरील दोन्हीं स्त्रियांस हें आडनांव लग्नानें मिळालेलें. मनकर्णिका गोखले या नांवाची चिठ्ठी कोणत्याही सूचींत नाहीं.

हें सारें आम्हीं काकूंस एका बैठकींत ऐकविलें असें नव्हे. त्यांनीं तें ऐकूनही घेतलें नसतें. पंचहौदच्या चहाची गोष्ट तेवढी सांगितली. “लोकमान्यांनीं प्रायश्चित्त घेतलें होतें,” काकूंनीं ताडकन् उत्तर दिलें. यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पुस्तक मात्र पाटावरून कोणी उचललें नाहीं. हळदकुंकवाचीं बोटें दोन्हींवर पडलीं.

दुसऱ्या दिवशीं पाट उचलतेवेळीं ‘गीतारहस्य’ जागेवर गेलें, ‘स्मृतिचित्रें’ दिसेना. काकूंचें आजोळ गोदेच्या कांठचें, जलालपुरापासून फारसें दूर नव्हे. दुपारीं पाहतों तों ओटीवर चष्मा लावून त्या बसलेल्या, पहिलींच पानें उघडीं, आणि सूनबाईंना सांगत होत्या, “यांच्या वडिलांचें सोवळें ही बाई लिहिते त्याहून कमी नसणार. आमच्या आजोबांचें मी पाहिलें आहे ना!”