दुचाकीचं शास्त्र (भाग ९) : हात बसल्यानंतरची शाळा

मागच्या भागात टायरची पकड कशी येते आणि कशी सुटते ते पाहिलं. आज ती पकड ज्याच्या हातापायांवर अवलंबून असते, त्या माणसाकडे वळू. हा माणूस नवशिका नाही. त्याचा हात बसलाय, तो क्रूझर चालवतो आणि पुणे-गोवा रस्ता त्याला पाठ आहे. प्रगत रायडिंग प्रशिक्षणाचा विषय निघाला की 'आता या वयात काय शिकायचं राहिलंय?' असं सगळ्यात आधी तोच म्हणतो. माझ्या मते या प्रशिक्षणाची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आहे, आणि त्याचं कारण त्याच्या सवयींत जितकं आहे तितकंच त्याच्या गाडीच्या बांधणीत आहे.

आधी सवयी. आज पन्नाशीच्या आसपास असलेला मराठी माणूस बहुधा बजाजच्या स्कूटरवर शिकला. गिअर डाव्या मुठीत, मागचा ब्रेक उजव्या पायाखाली आणि 'पुढचा ब्रेक मारलास तर तोंडावर आपटशील' हा घरातल्या मोठ्यांचा सल्ला. कुणी जुन्या बुलेटवर शिकलं. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पुढे हीरो होंडा आली, मग लग्न, मुलं आणि चारचाकी. मुलं मोठी झाली, घराचे हप्ते फिटले, आणि दारात मिटिऑर, सुपर मिटिऑर किंवा हार्ले उभी राहिली. एकट्या सुपर मिटिऑर ६५० चं वजन २४१ किलो आहे, म्हणजे त्या जुन्या स्कूटरच्या दुपटीहून जास्त.

परवाना मात्र तोच. आरटीओच्या मैदानात हलक्याशा गाडीवर आठचा आकडा काढून मिळालेला. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचा परवाना एकदा हातात पडला की त्यावर शंभर सीसीची गाडीही चालते आणि अठराशे सीसीचीही. युरोपात ए१, ए२ आणि ए अशा पायऱ्या आहेत. ए२ परवान्यावर ३५ किलोवॉटपेक्षा जास्त ताकदीची गाडी चालवता येत नाही. आपल्याकडे कायद्याने अशी पायरी बांधलेली नाही, ती रायडरने स्वतःच बांधायची.

ही पायरी गाळली तर काय होतं, ते हॅरी हर्ट यांच्या अभ्यासात दिसतं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या संशोधकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली, शिवाय पोलिसांचे ३,६०० अहवाल चाळले. अहवाल १९८१ मध्ये आला. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय, स्वतःचं स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. त्याहून बोलकी नोंद वेगळीच आहे. या लोकांचा रस्त्यावरचा अनुभव जवळजवळ तीन वर्षांचा होता, पण ज्या गाडीवर अपघात झाला त्या गाडीवरचा अनुभव निम्म्याहून अधिक जणांच्या बाबतीत पाच महिन्यांपेक्षाही कमी होता. थोडक्यात, एका गाडीवर कमावलेला अनुभव दुसऱ्या गाडीवर जसाच्या तसा चालत नाही.

त्याच अहवालाप्रमाणे धोका दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत रायडरच्या हातात साधारणपणे दोन सेकंदही नसतात. त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक गच्च दाबून चाक लॉक केलं, पुढचा जेमतेम वापरला आणि गाडी बाजूला काढायचा प्रयत्न एक तर केलाच नाही किंवा चुकीचा केला. अभ्यास जुना आहे, अमेरिकेचा आहे आणि तेव्हा गाड्यांना एबीएस नव्हतं. पण दोन सेकंदांत माणूस विचार करत नाही, अंगात मुरलेलं तेवढं बाहेर येतं, हे आजही तसंच आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती.

मग वर्षानुवर्षं चालवून हे अंगात का मुरत नाही? कारण रस्ता चूक दाखवत नाही. वळणावर आपण मधल्या रेषेपलीकडे गेलो आणि समोरून कुणी आलं नाही, तर मनात नोंद होते ती 'वळण छान घेतलं' अशी. ब्रेक उशिरा लावला आणि पुढच्या रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली, तर तेही निभावलं. अशी निभावलेली प्रत्येक चूक सवयीला बळ देते. शेजारी उभं राहून पाहणारा, 'तुमचा उजवा पाय आधी गेला, हात नंतर' असं सांगणारा माणूस रस्त्यावर कधीच नसतो. प्रशिक्षणात तो असतो.

आता गाडीची बांधणी. क्रूझर लांब असते, सीट खाली असते, रायडरचा भार मागच्या चाकाकडे झुकलेला असतो आणि पाय पुढे पसरलेले असतात. त्यामुळे इतर गाड्यांच्या मानाने तिचा मागचा ब्रेक बराच कामाचा ठरतो. हळू जाताना तेवढ्यावर भागतं आणि स्कूटरच्या काळातली पायाची सवय आणखी पक्की होते. पण जोरात थांबायची वेळ आली की वजन पुढच्या चाकावर येतं आणि खरी ताकद तिथेच असते. ढोबळ हिशेब करू. कोरड्या डांबरावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन्ही ब्रेक नीट वापरले तर ब्रेक लागल्यापासून साधारण १८ मीटरमध्ये थांबते. नुसत्या मागच्या ब्रेकवर ती ३५ मीटरच्या आसपास जाते. पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथून दुसरी अजून चाळीसच्या वेगाने पुढे जात असते. रस्त्यात आडवा आलेला ट्रॅक्टर त्या चाळीसच्या जागी आहे असं समजा, मग १८ आणि ३५ मधला फरक कळतो.

प्रशिक्षणाच्या मैदानावर हा सराव पाहण्यासारखा असतो. खडूने रेघ मारलेली असते. रायडर पन्नासच्या वेगाने येतो आणि रेघेवर ब्रेक लावतो. पहिल्या खेपेला अनुभवी माणसाच्याही मागच्या टायरचा आवाज आधी येतो, आणि पुढच्या ब्रेकची दोन बोटं लिव्हरवर नुसती टेकलेली असतात. गाडीला एबीएस असेल तर पायाखालचं पेडल धडधडतं आणि तो दचकून पाय उचलतो. भारतात १२५ सीसीवरच्या नव्या मॉडेलना एबीएस एप्रिल २०१८ पासून सक्तीचं आहे, तरी कित्येकांनी ते काम करताना कधी अनुभवलेलंच नसतं. मग प्रशिक्षक सांगतो की लिव्हर एकदम आवळू नका, आधी फोर्क दबू द्या, चाकावर भार येऊ द्या, आणि मग पिळत न्या. चार-पाच खेपांनंतर तोच माणूस पहिल्यापेक्षा कितीतरी आधी थांबतो, आणि 'पुढचा ब्रेक म्हणजे तोंडावर आपटणं' हे लहानपणापासूनचं भय तिथेच ढिलं पडतं.

आपल्या मुलखातल्या रायडरसाठी मात्र मला वळणं जास्त महत्त्वाची वाटतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे आपल्या वाट्याला जुना बोरघाट, ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली आणि आंबोली हेच रस्ते येतात. इथे क्रूझरची खरी मर्यादा उघडी पडते. गाडी किती झुकू शकते, त्याला तिची बांधणीच लगाम घालते. फॅट बॉयसारखी हार्ले पंचवीस-सव्वीस अंशांपर्यंत झुकली की तिचे खालचे भाग रस्त्याला घासू लागतात. स्पोर्ट्स बाईक याहून कितीतरी जास्त झुकते.

आता २५ मीटर त्रिज्येचं वळण घ्या. घाटात अशी वळणं पावलोपावली असतात. ताशी ३५ च्या वेगाने ते घ्यायला गाडी किमान २१ अंश झुकवावी लागते. चाळीसने घेतलं तर २७, पंचेचाळीसने घेतलं तर ३२ अंशांहून जास्त. नेहमीच्या अंदाजापेक्षा पाच किलोमीटर वेग जास्त झाला, एवढ्यानेच गाडीची झुकायची सोय संपते. फूटबोर्ड खरखरतो, रायडर घाबरून गाडी सरळ करतो, थ्रॉटल एकदम सोडतो, आणि नजर जाते दरीच्या कठड्यावर. नजर जिथे, गाडी तिथे. डावं वळण असेल तर ती समोरून येणाऱ्या एसटीच्या वाटेत जाते, उजवं असेल तर रस्त्याबाहेर.

प्रशिक्षणात इथे पहिली शिकवण मिळते ती वेगाची: वेग वळणात शिरायच्या आधी उतरवायचा, आत शिरल्यावर नव्हे. दुसरी नजरेची. ब्रिटिश पोलिसांच्या 'मोटारसायकल रोडक्राफ्ट' या पुस्तकातली एक पद्धत जगभर शिकवली जाते. रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जिथे एकत्र आल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर लक्ष ठेवायचं. बिंदू आपल्यापासून दूर पुढे सरकत असेल तर वळण उलगडतंय. तो एकाच जागी थबकला आणि आपण त्याच्या जवळ जात असू तर वळण आवळतंय, वेग कमी हवा. दिसणाऱ्या अंतरात, आपल्याच बाजूला, थांबता येईल एवढाच वेग. आपल्याकडे यात थोडी भर घालावी लागते. डाव्या वळणावर पुढचं जास्त दिसावं म्हणून मधल्या रेषेला चिकटणं तिकडच्या रस्त्यावर ठीक असेल. आपल्या घाटात समोरचा ट्रक वळण कापून येतो, तेव्हा रेषेपासून हात-दोन हात आत राहिलेलं बरं.

तिसरी शिकवण हँडलची. वेगात असताना दुचाकी डावीकडे वळवायची तर डावं हँडल पुढे ढकलावं लागतं. गाडी डावीकडे झुकते आणि वळते. सगळे रायडर नकळत हेच करतात, पण जाणीवपूर्वक फार थोडे करतात. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर यांनी अनेक सायकलस्वारांना विचारलं होतं की तुम्ही डावीकडे कसे वळता. एकानेही पहिल्या फटक्यात अचूक उत्तर दिलं नाही. वळण आवळलं की नकळत केलेली गोष्ट भीतीने गोठते, म्हणूनच ती मैदानात मुद्दाम, मोठ्याने बोलत, शेकडो वेळा करून घेतात. क्रूझरचं रुंद हँडल या कामाला फार सोयीचं. शिवाय धड थोडं वळणाच्या आत नेलं तर तेवढ्याच वेगाला गाडी कमी झुकवावी लागते. आरामखुर्चीत बसल्यासारखं मागे रेलून बसणाऱ्याला हा फायदा मिळत नाही.

संथ वेगाबद्दल थोडक्यात. गाड्या पडतात त्या बहुतेक पेट्रोल पंपावर, पार्किंगमध्ये, अरुंद रस्त्यावर यू-टर्न घेताना. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक ओढला की २४१ किलो पायाने सावरत नाहीत. हाफ क्लच, मागच्या ब्रेकचा हलका दाब आणि खांद्यावरून मागे वळलेली नजर, एवढं जमलं की काम भागतं. अमेरिकेतले पोलिस जड हार्ले घेऊन कोनांमधून हाच सराव करतात.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. प्रशिक्षण घेतलं की अपघात कमी होतातच, असं सरसकट म्हणता येत नाही. नॉर्वेत मोटारचालकांना घसरड्या रस्त्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात वाढले होते. घसरलेली गाडी सावरता येते, हा विश्वास आला आणि वेग वाढला. म्हणून फक्त रेसट्रॅकवर गुडघा टेकवायला शिकवणारा वर्ग क्रूझरवाल्याच्या फारसा कामाचा नाही. त्याला हवं ते शिक्षण धोका आधी ओळखायला, वेग आधी उतरवायला लावणारं असतं. ब्रिटनमध्ये १९५६ साली स्थापन झालेली, आज आयएएम रोडस्मार्ट नावाने ओळखली जाणारी संस्था नेमकं हे काम करते. तिचा निरीक्षक तुमच्यामागे रस्त्यावरून येतो आणि थांबल्यावर काय दिसलं ते सांगतो.

आपल्याकडे वर्ग निवडताना चार गोष्टी विचारून घ्या. सराव तुमच्याच गाडीवर होणार का? जोरात ब्रेक लावायचा सराव किती वेळा करून घेतील? एका प्रशिक्षकामागे किती जण असतील? मैदानानंतर प्रत्यक्ष रस्त्यावर कुणी तुमच्यामागे येणार का? डबलसीट फिरत असाल तर मागे बसणाऱ्यालाही एक दिवस घेऊन जा, कारण ब्रेकचं आणि झुकण्याचं सगळं गणित त्याच्या वजनाने बदलतं. आणि हे सगळं मे महिन्याच्या आत उरका. पुढच्या भागाचा विषय आहे पावसातला घाट, आणि ब्रेकचे जे आकडे आज मांडले ते कोरड्या डांबराचे आहेत.