कोशिंबिरीला फळांच्या रसाची आंबट जोड

गेल्या महिन्यात दवाखान्यात साठीच्या एक काकू आल्या. रक्तदाबाच्या जुन्या रुग्ण. गोळ्या वेळेवर घेतात, सकाळी फिरायलाही जातात. तरीही त्या दिवशी दाब १७०/१०० भरला. मी जरा रागानेच विचारले, "काकू, पथ्य पाळता ना?" त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगितल्यापासून रोज ताटभर सॅलड खाते. लोणचंसुद्धा बंद केलंय." कसे खाता, असे विचारल्यावर खुलासा झाला. काकडी, टोमॅटो, मुळा यांच्या चकत्या, त्यावर मीठ आणि भरपूर चाट मसाला. "नुसतं घशाखाली उतरत नाही हो!" असे त्या म्हणाल्या.

चूक काकूंची नव्हती, माझी होती. "सॅलड खा" एवढे सांगून मी मोकळा झालो होतो. ते कशाबरोबर खायचे हे सांगायचे राहून गेले. लोणच्यातले मीठ गेले, पण ते चकत्यांवरून परत ताटात आले. चाट मसाल्यात काळे मीठ असते आणि काळे मीठ काय, सैंधव काय, रक्तदाबाच्या दृष्टीने ही मीठच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही भरता कामा नये. यात भाजी, आमटी, भाकरी, पापड, फरसाण सगळे आले.

मग कच्च्या भाज्यांना चव आणायची कशी? याचे उत्तर आहे आंबटपणा. जिभेला आंबट चव मिळाली की कमी मीठही पुरते. फ्रान्समध्ये सॅलडवर तेल आणि व्हिनेगर यांचे मिश्रण घालतात, त्याला 'व्हिनेग्रेट' म्हणतात. व्हिनेगर म्हणजे आपला शिरका. या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ 'आंबट झालेली द्राक्षाची दारू'. त्यांच्याकडे साधारणपणे तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर घेतात. आपल्याला एवढे तेल नको. तेल कमी करून त्या जागी फळाचा रस घातला, तर आपल्या घरात सहज होणारी आणि आपल्या जिभेला रुचणारी गोष्ट तयार होते.

कृती

चार माणसांसाठी एका मध्यम संत्र्याचा रस, अर्ध्या लिंबाचा रस, चहाचे चार चमचे शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल, अर्धा चमचा फेसलेली मोहरी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडी मिरपूड, किसलेले आले आणि सगळ्यांत मिळून दोन चिमटी मीठ घ्यावे. घरात व्हिनेगर असेल तर एक चमचा घालावे, नसेल तर लिंबू पुरते. हे सर्व झाकणाच्या स्वच्छ काचेच्या बाटलीत घालून अर्धा मिनिट जोरात हलवावे. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, पण मोहरीमुळे मिश्रण दाटसर होते व काही वेळ एकजीव राहते. आपल्या आज्या केळ्याच्या कोशिंबिरीला मोहरी फेसून लावीत, तीच ही मोहरी. ती मात्र आधी थोड्या पाण्यात वाटून, नाकाला झिणझिण्या येईपर्यंत फेसावी आणि आंबट नंतर घालावे. आधीच आंबट पडले तर तिचा झणझणीतपणा नीट उतरत नाही.

हे मिश्रण पान वाढतानाच भाज्यांवर घालावे. आधी घातले तर मिठामुळे काकडीला पाणी सुटते आणि कोशिंबीर पांचट होते.

संत्रेच हवे असे नाही. हिवाळ्यात पिकलेला पेरू कुस्करून, गाळून घ्यावा किंवा आवळा किसून पिळावा. उन्हाळ्यात किसलेली कैरी उत्तम. डाळिंबाचा रस रंगालाही छान. कोकणातल्या वाचकांनी कोकमे भिजवून त्यांचे पाणी घ्यावे, पण आगळ वापरू नये, कारण त्यात मीठ भरपूर असते. रस उकळू नये, उष्णतेने 'क' जीवनसत्त्व नष्ट होते. तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट ठेवू नये. काच किंवा स्टील बरे.

फायदा कशाचा?

पहिला फायदा मिठाचा, तो वर आलाच. दुसरा आहे तेलाचा. गाजर, टोमॅटो, पालेभाज्या यांतील रंगद्रव्यांपासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते, पण ती शोषली जाण्यासाठी जेवणात थोडी चरबी लागते. म्हणून "तेल अजिबात नको" म्हणून कोरडे गाजर चघळणाऱ्यांना पुरा लाभ मिळत नाही. माणशी एक चमचा तेल, म्हणजे सुमारे ४५ कॅलरी, यासाठी पुरेसे आहे. त्याहून जास्त घालून वजन वाढवू नये. कोशिंबिरीत दाण्याचे कूट असेल तर हे तेल निम्मे करावे.

तिसरा फायदा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या काकूंबरोबर त्यांची सून आली होती. चेहरा पांढुरका, जिना चढला की धाप लागते. हिमोग्लोबिन तपासले तर ८.४ ग्रॅम. तिच्या वयाच्या बाईला ते किमान १२ हवे. घरात बाजरीची भाकरी, मेथी, हरभरा सगळे होते. पण धान्य-भाज्यांतील लोह आपल्या शरीरात फार थोडे शोषले जाते. त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व असेल तर हे शोषण वाढते आणि जेवणाला लागूनच चहा घेतला तर ते घटते. सूनबाई जेवण झाल्याबरोबर कपभर चहा घेत होत्या आणि फळ खात होत्या ते थेट संध्याकाळी, तेही मुलांचे उरले तर! फळ तेच, पण ते जेवणात आले तर भाकरीतल्या लोहाच्या कामी येते. पेरू आणि आवळा यांत लिंबापेक्षा कितीतरी अधिक 'क' जीवनसत्त्व असते, हेही ध्यानात ठेवावे. मात्र एवढ्या कमी हिमोग्लोबिनला नुसती कोशिंबीर पुरत नाही. मी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, पाळीच्या रक्तस्रावाची चौकशी केली आणि चहा जेवणानंतर एक-दोन तासांनी घ्यायला सांगितले.

सावधगिरी

कच्च्या भाज्या वाहत्या स्वच्छ पाण्याखाली चोळून धुवाव्यात. व्हिनेगर किंवा लिंबू घातले म्हणजे जंतू मेले, असे समजू नये. पावसाळ्यात पाण्याची खात्री नसेल तर गाजर, फरसबी, बीट वाफवून घ्यावे आणि गार झाल्यावर हेच मिश्रण घालावे.

मिश्रण शक्यतो रोज ताजे करावे. उरलेच तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावे. कच्चा लसूण तेलात घालून बाटली बाहेर ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे, ती धोक्याची आहे. अशा तेलात हवेशिवाय वाढणारे घातक जंतू विष तयार करू शकतात.

खाण्याच्या व्हिनेगरमध्ये साधारण चार टक्के ॲसेटिक ॲसिड असते. तीव्र ॲसेटिक ॲसिडची बाटली ही वेगळी वस्तू आहे. ती स्वस्त पडते म्हणून आणू नये. तिने घसा आणि अन्ननलिका भाजून निघते. तसेच सफरचंदाचे व्हिनेगर सकाळी उपाशीपोटी पिण्याचे खूळ बरेच पसरले आहे. त्याने दातांवरचे कवच झिजते, पोटात जळजळ होते आणि मधुमेहाच्या गोळ्यांची जागा ते घेऊ शकत नाही. जेवणात चमचाभर ठीक, पेलाभर नको.

मधुमेही व्यक्तींनी यात साखर, गूळ, मध घालू नये. माणशी दोन-तीन चमचे फळाच्या रसाने बिघडत नाही. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी आंबट बेताने घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र फळे, कच्च्या भाज्या आणि बाजारात मिळणारे 'कमी सोडियमचे मीठ' हे सर्व आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. त्यातील पोटॅशियम त्यांना अपायकारक ठरू शकते.

काकू परवा पुन्हा आल्या होत्या. दाब १४४/८८. गोळ्या मी बंद केलेल्या नाहीत आणि वाचकांनीही स्वतःच्या मनाने तसे करू नये. जाताना म्हणाल्या, "आता सूनबाई आणि मी एकाच वाडग्यातली कोशिंबीर वाढून घेतो. पेरूची केली तर नातवंडंही मागतात." एका वाडग्यात सासूचे मीठ कमी झाले आणि सुनेच्या पदरात लोह पडले. आता मीही कुणाला नुसते "सॅलड खा" म्हणत नाही. कागदाच्या मागच्या बाजूला कृती लिहून देतो.