मण्यांच्या ब्रेसलेटवर मराठी नाव: उन्हाळ्यात विणा, श्रावणात विका

मे महिन्यात नांदेड काय नि लातूर काय, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पोरांना सुट्ट्या, लाइटचा भरवसा नाही, शिलाई मशीनवर बसवत नाही. अशा वेळी सावलीत बसून, विजेशिवाय आणि थोड्या पैशात होणारं काम म्हणजे छोट्या मागावर मण्यांची ब्रेसलेट विणणं. व्हिडिओत हात कसा चालवायचा ते दिसतं. पण ब्रेसलेट विकायचं कशाच्या जोरावर आणि किती रुपयांना, हे व्हिडिओत नीट बसत नाही, म्हणून हा लेख.

आधी एक गोंधळ दूर करू. 'लूम' म्हटलं की बऱ्याच जणांना रंगीत रबरबँड आठवतात. ते रेनबो लूम. अमेरिकेत मिशिगनला राहणाऱ्या चिओंग चून एंग या इंजिनिअरने ते आपल्या मुलींसोबत खेळता खेळता काढलं, घरातले सुमारे 10,000 डॉलर घातले आणि 2013 च्या सुमारास जगभरातल्या पोरांना वेड लावलं. पण यात पैसा कमावला तो माग आणि रबर विकणाऱ्याने. रबराची ब्रेसलेट विकणाऱ्या पोरांच्या हाती फार काही लागलं नाही, कारण शेजारचं पोरगंही तेच करत होतं. धंदा म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आपण बोलतोय ते काचेच्या बारीक मण्यांबद्दल, दुकानात ज्यांना शुगर बीड्स म्हणतात. मणी आपल्याला नवे नाहीत. मंगळसूत्राची काळी पोत पटवेकऱ्याकडून गाठवून घेणारी माणसं आजही आहेत. किनवट-माहूरकडच्या तांड्यांवर बंजारा बायकांच्या पोशाखावर मणी, कवड्या आणि आरसे असतात, ते कापडावर शिवलेले. मागही नवा नाही, राष्ट्रध्वज तयार करणारी मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडातच आहे. मण्यांचा माग मात्र वहीपेक्षा थोडा मोठा. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी जमातींनी ही कला फार उंचीवर नेली आहे, त्यांचे नमुने बघून डोळे निवतात. बघा जरूर, पण त्यांची नक्षी उचलून आपली म्हणून विकू नका.

माग विकत घ्यायची घाई नको. एक फूट लांबीची जाड फळी, दोन्ही टोकांना उभी चिकटवलेली बारीक दातांची फणी आणि तिच्या मागे एकेक खिळा, एवढ्यावर काम सुरू होतं. विणकराच्या मोठ्या मागावरही धागे वेगळे ठेवणाऱ्या भागाला फणीच म्हणतात. हिशेब सोपा आहे: एका ओळीत जितके मणी, त्याहून एक धागा जास्त. 13 मणी हवेत तर ताण्याचे 14 धागे. कडेचे दोन दुहेरी घ्या, ओढ तिथेच बसते. दोन्ही टोकांना वीतभर धागा मोकळा सोडा, शेवटी गाठी मारताना तो लागतोच.

बाण्याच्या धाग्यात 13 मणी ओवायचे, ताण्याच्या खालून न्यायचे, बोटाने वर दाबायचे म्हणजे प्रत्येक मणी दोन धाग्यांच्या मध्ये बसतो. मग सुई त्याच मण्यांतून परत आणायची, पण या वेळी ताण्याच्या वरून. एखाद्या धाग्याखालून सुई गेली तर तो मणी अडकत नाही, सैल राहतो. म्हणून पहिल्या दहा ओळी चष्मा लावून करा. साधा शिलाईचा दोरा वापरू नका, काचेच्या कडेने तो झिजतो. तंगूसही नको, तो वळतो आणि मोकळा केला की स्प्रिंगसारखा उभा राहतो. मणीकामाचा पीळदार नायलॉन धागा घ्या आणि मेणावरून ओढून वापरा.

मण्यांबद्दल दुकानदार म्हणून सांगते, स्वस्त पुडीत लहान-मोठे, तिरपे, अर्ध्या भोकाचे मणी असतातच. तांदूळ निवडतो तसे ताटात पसरून आधी निवडा. ताटात मऊ कापड अंथरा, नाहीतर कूलरसमोर मणी घरभर पळतात. जपानी मणी, मियुकी किंवा तोहोचे, एकसारखे येतात पण महाग पडतात. हात बसेपर्यंत आपले देशी चालतील. सोनेरी आणि झगमगीत मण्यांची मात्र परीक्षा घ्या. पाच-सहा मणी रात्रभर नेलपेंट रिमूव्हरमध्ये ठेवा. सकाळी पाणी रंगलं असेल तर ते मणी आपल्याकडच्या घामात टिकायचे नाहीत. थोडा माल वजिराबादेत किंवा गंजगोलाईत बघा. जास्त लागू लागला की हैदराबादचा बेगम बाजार आपल्याला जवळ आहे. पहिल्याच फेरीत वीस रंग आणू नका. पाच रंग पुरे, आणि ते अपारदर्शक, कारण पारदर्शक मण्यांतून आतला धागा दिसतो.

आता मुद्द्यावर येते. मशीनवर बनलेलं, चकचकीत ब्रेसलेट बाजारात तीस-चाळीस रुपयांत मिळतं. त्याच्याशी किमतीत भिडायला गेलात तर हरणार. फुलं, हार्ट, चौकटी सगळं त्यांच्याकडे आहे. इंग्रजी अक्षरांचे तयार मणीही आहेत. नाही ते एकच: गिऱ्हाइकाचं स्वतःचं नाव, आपल्या लिपीत, नीट वाचता येईल असं. मराठी नाव मण्यांत बसवणं अवघड आहे, म्हणूनच तिथे पैसे आहेत.

अवघड का? इंग्रजी कॅपिटल अक्षर पाच मण्यांच्या उंचीत उभं राहतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा, मग शिरोरेषा, मग अक्षराचं अंग आणि खाली उकार. माझा हिशेब असा: वरच्या खुणांना 2 मणी, शिरोरेषेला 1, अंगाला 6, खालच्या उकाराला 2 आणि दोन्ही कडांना 1-1. झाले 13. 'राधा' किंवा 'कमल'सारख्या नावाला वरचं-खालचं काही लागत नाही, ते 9 मण्यांत होतं. 'सई', 'आई' यांना वरची जागा हवी, 'अनु'ला खालची. म्हणजे नाव ऐकलं की पट्टीची रुंदी ठरते आणि रुंदीवरून भाव.

आलेखाच्या वहीवर नाव काढा. वहीतला एक उभा रकाना म्हणजे मागावरची एक ओळ, वरून खाली मणी मोजत ओवायचे. एक गंमत आहे. वहीतला चौकोन सगळीकडून सारखा असतो, पण आपला गोल मणी मागावर तसा बसत नाही. साधारण 11 नंबरचा मणी भोकाच्या दिशेने दीड मिलिमीटर आणि आडवा दोन मिलिमीटरहून थोडा जास्त असतो. त्यामुळे वहीत छान दिसलेलं अक्षर पट्टीवर आडवं पसरतं. म्हणून वहीत अक्षर मुद्दाम थोडं अरुंद, उभट काढा. 'म' सहा घरांत काढलात तर पाचात काढून बघा.

आपल्या लिपीचा एक मोठा फायदाही आहे. शिरोरेषा म्हणजे प्रत्येक ओळीत त्याच जागेवर तोच रंग, मोजायची कटकट नाही. ती नावापाशी न थांबवता पूर्ण पट्टीभर नेली तर मनगटाभोवती एक सलग रेघ फिरते. अक्षरं त्या रेघेला लटकलेली दिसतात. हे डिझाइन इंग्रजी नावाला जमतच नाही.

मनगटाच्या वरच्या बाजूला साधारण 5 सेंटीमीटर भाग डोळ्यांना दिसतो, म्हणजे 24-25 ओळी. त्यात तीन अक्षरं ऐसपैस बसतात. 'ज्ञानेश्वरी' सांगणाऱ्या ताईला नाही म्हणू नका, घरात काय हाक मारतात ते विचारा. 'माऊ', 'छकुली', 'बाळू' यांना जास्त पसंती मिळते, आणि जोडाक्षराचा ताप वाचतो.

आता हिशेब. बायका-पोरी इथेच मार खातात. 14 सेंटीमीटर पट्टी म्हणजे साधारण 66 ओळी, 13 मण्यांच्या हिशेबाने 860च्या आसपास मणी, वजन 8 ग्रॅम धरा. समजा मणी, धागा, क्लॅम्प आणि हुक मिळून 35 रुपये, डबी 10 रुपये. हात बसला की एक ओळ मिनिटात होते. ताणा लावणं, नाव काढणं आणि टोकं बांधणं धरून दोन तास पकडा. तासाला 50 रुपये मजुरी लावली तर 100. झाले 145. तुटलेल्या सुया, फुटके मणी, फुकट गेलेला नमुना यांचे 15. एकूण 160.

'घरचंच तर काम आहे' म्हणून ते शंभर कुणी धरतच नाही. 45 रुपये खर्च, 80 ला विकलं, 35 सुटले म्हणून खूश. दोन तासांचे 35! शेजारणीने शंभर ब्रेसलेटची ऑर्डर आणून दिली तर दोनशे तास बसावं लागेल, मदतीला बाई ठेवावी तर तिला द्यायला पैसे नाहीत. मजुरी पहिल्या नगापासून लावा, ती तुमच्याच खिशात जात असली तरी. थेट विकलं तर 220 सांगा. दुकानात ठेवायचं असेल तर छापील किंमत 250 करा. दुकानदाराने 30 टक्के घेतले तरी हातात 175 येतात, 15 उरतात. आम्ही दुकानदार 30 टक्के मागतो तेव्हा राग येतो, माहितीय. पण भाडं आणि न विकलेला माल आमच्या डोक्यावर असतो. नाव घातलेला माल मात्र दुकानात ठेवताच येत नाही. तिथे 'आई', 'ताई', 'दादा' असे शब्द ठेवा, बाकीची नावं ऑर्डरवर आणि अर्धे पैसे आधी.

विक्रीची वेळ आत्ता नाही. लगीनसराईत करवल्यांसाठी एकसारखी पाच-सहा ब्रेसलेट मागणारे भेटतील, ते घ्या. खरा हंगाम ऑगस्टचा: पहिल्या रविवारी फ्रेंडशिप डे आणि मग राखी. लातुरात क्लासेससाठी बाहेरगावाहून आलेली पोरं-पोरी होस्टेलवर राहतात, घरापासून लांब असतात. तिथे 'दादा' लिहिलेली मण्यांची राखी काय चालेल विचार करा. राखीला पूर्ण पट्टी लागत नाही, मधला 5 सेंटीमीटरचा तुकडा आणि दोन्हीकडे रेशमी गोंडा. मणी निम्म्याहून कमी, वेळही कमी, भाव मात्र फार उतरत नाही. म्हणून मे-जूनमध्ये शब्दांचे तुकडे विणून ठेवा, नावांच्या ऑर्डरी जुलैपासून घ्या. मुलं सुट्टीत हौसेने विणत असतील तर विणू द्या. ऑर्डरची तारीख मात्र सातवीतल्या पोरीच्या गळ्यात बांधू नका.

माल परत येतो तो टोकांमुळे. पट्टी छान, नाव सुंदर, आणि आठव्या दिवशी क्लॅम्पमधून धागे निसटलेले. प्रत्येक ताणा शेवटच्या तीन-चार ओळींतल्या मण्यांतून परत फिरवा, दोन-दोन धाग्यांच्या गाठी मारा, मगच थोडा गोंद आणि क्लॅम्प. अर्धा तास जातो, पण तो आपण हिशेबात धरलाय. विकायच्या आधी एकदा बऱ्यापैकी ओढून बघा.

नोंदणीचं थोडक्यात. उद्यम नोंदणी सरकारी वेबसाइटवर फुकट होते. पाचशे-हजार मागणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणि ऑर्डर घेताना नाव फोनवर ऐकून लिहून घेऊ नका. 'सई' आणि 'साई', 'रुचा' आणि 'ऋचा', सगळं घोटाळ्यात जातं. गिऱ्हाइकाला मराठीत नाव टाइप करून किंवा कागदावर लिहून फोटो पाठवायला सांगा. तुम्ही वहीत काढलेल्या आलेखाचा फोटो त्यांना पाठवा, मनगटाचं माप सेंटीमीटरमध्ये विचारा. त्यांचं 'हो' आल्यावरच पहिला मणी ओवा.